रूळ की रस्ता? रायपूरहून बस्तरकडे

“गाडी ठरवू या,” असं आमच्या घरात कुणी म्हटलं की दुसऱ्याचा लगेच प्रश्न येतो, “कुठली? चार चाकांची की रुळांवरची?” सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या दृष्टीने प्रवास म्हणजे आगगाडी; बाकी सगळं म्हणजे धूळ खाणं. आमचे हे मात्र स्टिअरिंगचे भोक्ते. या दोघांचा वाद तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराला नवा नाही. गेल्या दिवाळीत मात्र तो नुसता गमतीचा राहिला नाही.

झालं असं, की सासूबाईंची धाकटी बहीण जगदलपूरला राहते. लग्न होऊन तिथे गेली ती तिथलीच झाली. तीन वर्षांपूर्वी मावशींना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं बाहेर पडणं संपलं. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. दोघी बहिणी रोज रात्री फोनवर बोलतात, पण भेट मात्र नाही. रायपूर ते जगदलपूर अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर. म्हणजे आमच्याकडून नागपूर जितकं, तितकंच. नागपूरला आम्ही वर्षातून चारदा जातो. जगदलपूरला सासूबाई नऊ वर्षं गेल्या नव्हत्या.

का, ते सांगायला हवं. २०१६ साली आम्ही सगळे भाड्याच्या गाडीने तिकडे निघालो होतो. गाडी देणाऱ्याने ठरलेली मोठी गाडी न पाठवता ऐनवेळी लहान पाठवली. पाय दुमडून बसलो. त्यात केशकालच्या घाटात एक ट्रक बंद पडला आणि वाहतूक अडकली. चार तास! पुढे ट्रक, मागे ट्रक, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पुरुषमंडळी खाली उतरून आडोसा शोधून आली. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. “रस्त्यात कुठे जायचं गं बाईमाणसानं?” हे त्यांचं नेहमीचं कारण. कोंडागावला पोहोचेपर्यंत त्यांना भोवळ आली. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, दोन शब्द सुनावले आणि आमची सहल मावशींच्या घरात झोपून संपली. त्यानंतर जगदलपूरचं नाव निघालं, की त्या म्हणत, “फोन आहे ना.”

दिवाळीत पुण्याहून नणंदबाई, त्यांचे यजमान आणि दोन मुलं आली. मावशींची तब्येत पुन्हा बिघडल्याचा फोन पाडव्याच्या दिवशी आला. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई आपणहून म्हणाल्या, “डिसेंबरात मला घेऊन जा. पण त्या घाटातून नको.”

रायपूरची ‘छोटी रेल’ आणि सासऱ्यांचं दुःख

तुम्ही म्हणाल, मग रेल्वेने जा! इथेच तर खरी गंमत आहे. रायपूरहून जगदलपूरला सरळ रूळच नाहीत.

एक रूळ त्या दिशेला गेला होता. रायपूर ते धमतरी ही अडीच फूट रुंदीची नॅरोगेज लाइन १९०० साली सुरू झाली. अभनपूरहून तिचा एक फाटा राजिमला जाई. जगदलपूरचा हमरस्ताही अभनपूर, कुरुद, धमतरी असाच जातो. पण ती छोटी गाडी धमतरीला थांबली ती कायमचीच. पुढचं कांकेर, केशकाल, कोंडागाव रुळांविना राहिलं. सासऱ्यांचं लहानपण धमतरीचं. शाळेच्या सुटीत या गाडीने ते रायपूरला येत. “चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं तोडायची आणि पळत जाऊन पुन्हा चढायचं,” हे ते नातवंडांना दरवर्षी सांगतात. दरवर्षी बोरांची संख्या वाढते! शहरातून जाणारे ते रूळ काढले गेले आणि त्यांच्या जागी रस्ता झाला, तेव्हा ते दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. आता त्या मार्गाचं ब्रॉडगेज झालंय आणि मार्च २०२५ मध्ये रायपूर–अभनपूर गाडी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात ते एकटे जाऊन, अभनपूरला चहा पिऊन परत आले.

दुसरीकडून दल्लीराजहराहून रावघाटमार्गे जगदलपूरला रूळ न्यायचं काम कित्येक वर्षं चालू आहे. २०२२ मध्ये प्रवासी गाडी अंतागढपर्यंत पोहोचली. जगदलपूर अजून लांब.

आणि तिसरा मार्ग उलट्या हाताने घास घेण्याचा. काही वर्षं दुर्ग–जगदलपूर अशी एक एक्स्प्रेस धावत असे. रायपूरहून दक्षिणेला न जाता ती पूर्वेला ओडिशात शिरायची, महासमुंद, टिटलागढ, रायगडा, कोरापुट असा भला मोठा वळसा घालून मग जगदलपूरला पोहोचायची. रस्त्याने तीनशे किलोमीटर, रेल्वेने सहाशेहून जास्त! स्थानिक माणसं म्हणूनच रात्रीच्या स्लीपर बसने जातात. संध्याकाळी जेवून बसायचं, पहाटे उतरायचं. सासूबाईंच्या अडचणीवर मात्र बस म्हणजे मोटारीहून वाईट. ती तर आपल्या सांगण्यावरून थांबतही नाही. विमानही २०२० मध्ये सुरू झालं होतं. पण सासूबाईंनी त्याचं नाव काढू दिलं नाही.

सासरे नकाशा घेऊन बसले. त्यांच्याजवळ रेल्वेचा जुना भिंतीवरचा नकाशा आहे, घड्यांवर फाटलेला. बराच वेळ बोट फिरवून ते म्हणाले, “वळसाच घालायचाय ना? मग समुद्रापर्यंत घालू.”

पुणेकरांचा हिशेब

नणंदबाईंनी हा विचार उचलून धरला, त्याला कारण होतं. त्याआधीच्या मे महिन्यात त्या चौघं स्वित्झर्लंडला जाऊन आले होते. तिथेही हाच वाद झाला होता, रेल्वेचा पास की भाड्याची मोटार? आमच्या जावयांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घेतला होता. तो एक वर्ष चालतो. पण हिशेब मांडल्यावर त्यांनी रेल्वे निवडली. तिथे सलग तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा पास मिळतो. तो आगगाडीला, बसला, तळ्यातल्या बोटीला, सगळ्याला चालतो. सोळा वर्षांखालची मुलं आईवडिलांबरोबर फुकट. मोटार घेतली तर भाडं, विमा, पेट्रोल, महामार्गाचं चाळीस फ्रँकचं वार्षिक स्टिकर आणि पार्किंग. ते सगळं भरूनही मोटार झेरमाटला जातच नाही. वेंगेन, म्यूरेन या गावांतही नाही. खाली गाडी ठेवायची आणि शेवटी रेल्वेनेच वर जायचं! “मग आधीपासूनच रेल्वेने का नको?” असं नणंदबाई म्हणाल्या. दुसऱ्या देशात गाडी सोडायची असेल तर वेगळा आकार पडतो, तोही त्यांनी विचारून ठेवला होता.

त्यांचं एक म्हणणं मला पटलं. त्या म्हणाल्या, “वहिनी, माणसं किती आणि मुक्काम किती हे आधी लिही. मग वाहनाचं बघ.” आम्ही आठ जण होतो. सात आसनी गाडीत चालक धरून सात बसतात. म्हणजे एक तर दोन गाड्या किंवा बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर. आणि मोटारीने विशाखापट्टणम, अराकू करायचं, तर छत्तीसगढ, ओडिशा, आंध्र अशी तीन राज्यं. भाड्याच्या गाडीला अखिल भारतीय परवाना नसेल, तर प्रत्येक राज्याचा परवाना आणि कर. म्हणजे समुद्रापर्यंतचा वळसा रेल्वेनेच. जगदलपूरला पोहोचल्यावर मात्र मोटारीशिवाय गत्यंतर नाही, कारण चित्रकोट, तीरथगढ, बारसूर ही ठिकाणं रुळांपासून लांब आहेत. परतीला तर घाट होताच. सासूबाईंना ते आम्ही लगेच सांगितलं नाही. म्हणजे, सांगायचं मी माझ्याकडे घेतलं आणि पुढे ढकलत राहिले.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशे वीस दिवस नाही. नाताळच्या सुटीसाठी म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीलाच बसावं लागतं. सासऱ्यांनी दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी घड्याळ ठेवून तिकिटं काढायला लावली.

दिवसाउजेडी विशाखापट्टणम

रायपूरहून विशाखापट्टणमला जायला कोरबा–विशाखापट्टणम ही रात्रीची गाडी सोयीची. हॉटेलची एक रात्र वाचते. पण सप्टेंबर २०२४ मध्ये दुर्ग–विशाखापट्टणम वंदे भारत सुरू झाली आहे. ती पहाटे दुर्गहून निघते आणि दुपारच्या जेवणाच्या सुमाराला विशाखापट्टणमला पोहोचवते. आम्ही ती घेतली, कारण सासऱ्यांना मार्ग ‘बघायचा’ होता.

ही रायपूर–विजयानगरम लाइन १९३१ मध्ये पूर्ण झाली. दोनच वर्षांनी विशाखापट्टणम बंदर उघडलं. मध्य प्रांताचा माल समुद्रापर्यंत न्यायचा, यासाठीच तर हा खटाटोप. माणसांची सोय हा त्यातला जोडधंदा. खरियार रोड, कांटाबांजी, टिटलागढ मागे पडतं तोवर सपाट शेतं, तळी आणि ताडाची झाडं. केसिंगानंतर डोंगर जवळ येऊ लागतात आणि रायगड्यापर्यंत खिडकी सोडवत नाही. सासूबाई निर्धास्त होत्या. सकाळी आठ वाजता चहा प्यायल्या, अकराला पाणी, मध्येच संत्रं. दाराजवळचं स्वच्छतागृह त्या एकदा पाहून आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, “ठीक आहे गं.” त्या तीन शब्दांत नऊ वर्षांची भीती होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. १८७७ मध्ये चौदा वर्षांचे नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, वडिलांकडे रायपूरला आले, तेव्हा इथे रेल्वे नव्हती. शेवटचा मोठा टप्पा त्यांनी जंगलातून बैलगाडीने केला. दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला म्हणतात. विंध्याच्या डोंगरकड्याला लटकलेलं मधमाश्यांचं प्रचंड पोळं पाहून ते तिथेच भान हरपले, असं त्यांच्या चरित्रांत आहे. वंदे भारतच्या बंद काचेतून पोळं काय, मोहोळाचं झाडही धड दिसत नाही. पण शहात्तर वर्षांच्या बाईला बैलगाडी नको असते.

विशाखापट्टणमच्या दोन दिवसांबद्दल फार सांगत नाही. रामकृष्ण बीच, तिथली वाळूवर ओढून ठेवलेली कुरसुरा पाणबुडी, सिंहाचलमचं चंदनाने झाकलेलं नृसिंहाचं रूप, हे सगळं तिथे जाणारा प्रत्येक जण बघतोच. मुलांना पाणबुडी सोडवेना.

काचेचा डबा आणि उघडी खिडकी

विशाखापट्टणमहून किरंदुलला जाणारी दिवसाची गाडी सकाळी लवकर सुटते. बैलाडिलाच्या डोंगरातलं लोखंडाचं खनिज बंदरावर आणून जपानला पाठवायचं, यासाठी साठच्या दशकात जपानच्या सहकार्याने ही लाइन बांधली गेली. पूर्व घाट ओलांडताना पन्नासहून जास्त बोगदे लागतात. आमच्या मुलांनी मोजायला सुरुवात केली आणि प्रत्येक बोगद्यात ओरडायचं असा नियम ठरवला. पंचवीसनंतर मोजणी चुकली, ओरडणं तेवढं चालू राहिलं.

२०१७ पासून या मार्गावर अराकूपर्यंत काचेच्या छताचा विस्टाडोम डबा लागतो. मुलं, जावई आणि हे त्यात बसले. सासरे म्हणाले, “काचेतून बघायचं तर घरी टीव्ही आहे.” म्हणून आम्ही बाकीचे साध्या आरक्षित डब्यात, गजांच्या खिडकीशी. आता मनापासून सांगायचं तर दोन्हींत बरं-वाईट आहे. काचेच्या डब्यात फिरत्या खुर्च्या आहेत, डोक्यावर डोंगर दिसतात, पण फोटो काढणाऱ्यांची इतकी धांदल, की निवांतपणा नाही. साध्या डब्यात धूर, धूळ, शेंगदाणे, फणसाच्या गऱ्यांसारखे पिवळेधमक उकडलेले कंद विकणाऱ्या बायका आणि थंडगार वारा. वृद्धांसाठी मी साधा आरक्षित डबाच सुचवीन. आडवं होता येतं, आणि अराकूला डबा बदलायची धावपळ नाही.

बोर्रा गुहालु स्थानकावर गुहा बघणारे उतरतात. पुढे शिमिलिगुडा. सुमारे ९९७ मीटर उंचीवरचं हे स्थानक एके काळी देशातल्या ब्रॉडगेजवरचं सर्वांत उंच म्हणून ओळखलं जाई. सासरे तिथे दाराशी उभे राहिले. अराकूला सगळी गाडी रिकामी झाली. सहलीला आलेली माणसं उतरली आणि बांबूच्या टोपल्या, कोंबड्या, शाळेची पोरं घेऊन खरे प्रवासी चढले. माझ्या मते खरी गाडी इथून पुढे सुरू होते. पठार, सुरूची झाडं, ओडिशातली लाल माती, पाण्याने भरलेले खड्डे, आणि समोरून येणाऱ्या खनिजाच्या मालगाड्या. त्या आल्या की आमची गाडी बाजूला थांबायची. मालाला आधी वाट, माणसाला नंतर. कोरापुटच्या आधी एकदा पाऊण तास उभे होतो. ज्यांना घाई आहे त्यांनी या गाडीच्या वाटेला जाऊ नये. विशाखापट्टणम ते जगदलपूर अंतर सुमारे तीनशे किलोमीटर, आणि आमचा सबंध दिवस त्यात गेला.

जगदलपूरला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. गाडी पुढे दंतेवाडा, किरंदुलकडे गेली. सुरक्षेच्या कारणाने तिला अनेकदा दंतेवाड्यालाच थांबवलं गेलं आहे. तिकडे जायचं असेल तर आधी चौकशी करावी.

‘आमचो’ बस्तर

मावशी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, पाय धुतले, सगळं नेहमीसारखं सावकाश. मग खाटेच्या कडेला बसून त्यांनी मावशींचा डावा, निर्जीव हात मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, “नखं कोण कापतं गं तुझी?” आम्ही बाकीचे मागच्या अंगणात गेलो.

मावशींकडे काम करणारी बाई हलबी बोलते. मुलं कान देऊन ऐकत होती. अर्ध्या तासाने पुण्याचा धाकटा येऊन म्हणाला, “आई, त्या मराठीच बोलतात, फक्त शेवट वेगळा करतात!” पोराने बरोबर पकडलं. आपलं षष्ठीचं ‘चा, ची, चे’ हलबीत ‘चो’ होतं. ‘आमचो बस्तर’ ही पाटी तुम्हाला तिकडे जागोजागी दिसेल. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात हलबीला १९०५ च्या मराठीच्या खंडात घातलं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर वाद घातले. छत्तीसगढी आणि ओडियाचंही त्या भाषेत खूप मिसळलं आहे. शेजारी चंद्रपूर-गडचिरोली, नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगढवरचा अंमल, बिंबाजी भोसल्यांचं रतनपूरचं राज्य, एवढा शेजार असल्यावर शब्द काही सीमेवर थांबत नाहीत. मावशींची ‘आमची’ आणि बाईंची ‘आमचो’ एकाच स्वयंपाकघरात तीस वर्षं नांदत आहेत.

इथून पुढे मोटार. जगदलपूरमधूनच तीन दिवसांसाठी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली, आणि या वेळी २०१६ चा धडा लक्षात ठेवून सगळं कागदावर लिहून घेतलं. गाडीचा नंबर आधीच मागितला. पिवळी नंबरप्लेट आहे ना, ते पाहिलं. खासगी गाडी भाड्याने देणारे असतात, अपघात झाला तर विम्याचे वांधे होतात. रोजचे किमान किलोमीटर किती धरणार, मीटर कुठून मोजणार, चालकाचा रात्रीचा भत्ता, टोल कोणाकडे, हे विचारलं. निघताना मीटरचा फोटो काढला. आमची गाडी तीन दिवसांत धावली त्याहून जास्त किलोमीटरचे पैसे आम्ही दिले. कारण रोजची किमान मर्यादा, आणि रायपूरला सोडून ती रिकामी परत जाणार त्याचं भाडंही आमच्याच माथी. स्वित्झर्लंड काय नि जगदलपूर काय, गाडी दुसऱ्या गावी सोडली की पैसे पडतातच!

दुसऱ्या दिवशी चित्रकोट. सगळे बसल्यावर मावशींनी मला हाक मारली. “मला चित्रकोट बघून पंधरा वर्षं झाली,” एवढंच म्हणाल्या. मी यांच्याकडे बघितलं. यांनी चालकाकडे. तो जगदलपूरचाच मुलगा, त्याने काही न विचारता मागची बाकं मोकळी केली. दोघांनी मावशींना खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. चाकांची खुर्ची घडी करून वर बांधली. हे कुठल्या रेल्वेत जमलं असतं, मला सांगा!

चित्रकोट जगदलपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटर. इंद्रावती इथे घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून साधारण पंचाण्णव फूट खाली उडी घेते. पावसाळ्यात सबंध कडा गढूळ पाण्याने भरलेला असतो. डिसेंबरात पाणी स्वच्छ आणि धारा वेगवेगळ्या. वरचा काठ सपाट आहे, खुर्ची बऱ्यापैकी पुढे नेता आली. दोघी बहिणी शेजारी बसून तासभर बघत होत्या. काय बोलल्या ते पाण्याच्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही. हीच इंद्रावती पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने जाऊन सोमनूरजवळ गोदावरीला मिळते, असं सासऱ्यांनी मुलांना सांगितलं. मुलांचं लक्ष होडीकडे होतं.

तिसऱ्या दिवशी मुलं कांगेर खोऱ्यात गेली. कुटुमसरची गुहा, तिथले आंधळे मासे, तीरथगढचा पायरीपायरीने उतरणारा धबधबा. गुहेत वाटाड्याबरोबर कंदील घेऊन जावं लागतं आणि श्वास जड होतो. दम्याच्या माणसाने जाऊ नये. तीरथगढलाही पायऱ्या बऱ्याच आहेत. म्हातारी मंडळी घरीच राहिली. सासूबाई त्या दिवशी बहिणीला न्हाऊ घालत होत्या.

घाट

आता तो घाट सांगायचाच होता. आदल्या रात्री मी सांगितला. सासूबाई म्हणाल्या, “मला काय नकाशा कळत नाही? परत कसं जायचं ते मी पहिल्या दिवशीच मोजलं होतं.”

पहाटे पाचला निघालो, म्हणजे ट्रक वाढायच्या आत केशकाल पार व्हावा. मी चालकाला आधीच सांगून ठेवलं होतं, की दीड तासाच्या वर गाडी सलग चालवायची नाही. पहिला थांबा कोंडागाव. तिथे घडव्यांचं धातूकाम चालतं. मातीच्या गाभ्यावर मेणाची दोरी गुंडाळून आकार करायचा, वर पुन्हा मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या जागी तापलेला रस ओतायचा. साचा फोडल्यावरच वस्तू हाती येते, म्हणून एकासारखी दुसरी नसते. जयदेव बघेल यांच्यासारख्या कारागिरांनी हे काम परदेशापर्यंत नेलं. एवढ्या पहाटे दुकानं कुठली उघडी? पण ओळखीच्या घरी आधीच सांगितलं होतं. त्यांनी दार उघडलं, बायकांची सोय झाली आणि निघताना नणंदबाईंनी एक घोडा विकत घेतला.

केशकालची बारा वळणं उजाडता उजाडता लागली. तेलीन सत्तीच्या देवळापाशी चालकाने सगळे थांबतात तशी गाडी थांबवली. सासूबाई उतरल्या, हात जोडले, दरीकडे एकदा बघितलं. खाली धुक्यात ट्रकचे दिवे वर चढत येत होते. “तेव्हा इथेच होतो ना आपण?” त्यांनी विचारलं. त्याच्या दोन वळणं खाली होतो, पण मी हो म्हटलं.

कांकेरला दुसरा थांबा. एका हॉटेलात पोहे खाल्ले, मालकाला विचारून आतलं स्वच्छतागृह वापरलं. हा विचारण्याचा संकोच आपण बायकांनी सोडावा. त्याने लगेच किल्ली दिली. पेट्रोलपंपांवरही सोय असते, कधी कुलूप असतं तेवढं. तेव्हा किल्ली मागायची.

धमतरीला सासऱ्यांना जुनं स्थानक बघायचं होतं. नॅरोगेज गेली, नवं काम चाललेलं, त्यांना ओळखीचं फार काही सापडलं नाही. ते काठीने रुळांच्या दिशा दाखवत मुलांना समजावत होते. सासूबाई गाडीतच बसल्या होत्या. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. मी विचारलं, “थोडा घेणार?”

“पूर्ण आण,” त्या म्हणाल्या. “आणि यांना विचार, एप्रिलची तिकिटं कधी उघडतात ते.”